परदेशातला सक्तीचा आरोग्य विमा: जर्मनी, ब्रिटन की दुबई?

रावेरचे एक स्नेही परवा फाईल घेऊन घरी आले. केळीचा धंदा, त्यामुळे हिशेब चोख. मुलापुढे तीन रस्ते आहेत: जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स, ब्रिटनमध्ये एक वर्षाचं, नाहीतर मामाच्या ओळखीने दुबईत नोकरी. फी, खोलीभाडं, विमानाचं तिकीट, सगळं वहीत मांडलेलं. विम्यापुढे मात्र नुसती रेघ. विचारलं, तर म्हणाले, "आपला मेडिक्लेम शे ना भो!"

तो मेडिक्लेम तिथे उपयोगाचा नाही. घरच्या बहुतेक पॉलिसी भारतापुरत्याच असतात, आणि महात्मा फुले योजनेचं कार्ड फ्रँकफुर्टच्या दवाखान्यात कोणी बघणार नाही. शिवाय या तिन्ही ठिकाणी विमा घ्यायचा की नाही, हे आपल्या मर्जीवर नाही. तो नसेल तर कुठे व्हिसा अडतो, कुठे विद्यापीठाचा प्रवेश. मग तुलना करायची ती कशाची? लोक हप्त्याची करतात. मी आधी बघतो की पैसे कोणी आणि कधी भरायचे, आणि केलेली सही नंतर मागे घेता येते का. सहीचा प्रश्न हप्त्यापेक्षा मोठा आहे. सहा वर्षं श्टुटगार्टला नोकरी केल्यावर माझं हे मत पक्कं झालं.

ब्रिटनचं आधी उरकतो, कारण तिथे निवड करण्यासारखं फारसं काही नाही. व्हिसाचा अर्ज भरतानाच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ साली तो विद्यार्थ्यांना वर्षाला १५० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ पौंड आहे. नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्या प्रौढांना १,०३५. व्हिसा जितक्या काळाचा, तितक्याचे पैसे एकदम. बारा महिन्यांच्या कोर्सला व्हिसा साधारण सतरा महिन्यांचा मिळतो. सहा महिन्यांपर्यंतच्या तुकड्याला अर्ध्या वर्षाचा दर लागतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड. व्हिसा नाकारला तर ही रक्कम परत मिळते. मिळालेल्या व्हिसावर वर्षभर एकदाही डॉक्टरची पायरी चढला नाहीत, तर मात्र काही परत मिळत नाही.

त्या बदल्यात एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तुम्हाला तिथल्या रहिवाशासारखंच वागवते. जुना आजार आहे का, हे कोणी विचारत नाही आणि क्लेमचे कागद नाचवावे लागत नाहीत. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या साध्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड लागतात; स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. अडचण आहे ती ताटकळण्याची. तातडीचं नसलेलं काम महिनोन्‌महिने रेंगाळतं, आणि एनएचएसचा दातांचा डॉक्टर मिळणं म्हणजे भुसावळला ऐन दिवाळीत कन्फर्म तिकीट मिळण्यासारखं.

घरची मंडळी एक खर्च नेहमी विसरतात. शिक्षणानंतर थांबायचं तर ग्रॅज्युएट व्हिसाच्या वेळी अधिभार पुन्हा लागतो, आणि तो विद्यार्थ्याच्या नाही तर पूर्ण दराने. दोन वर्षांचे २,०७० पौंड, एकरकमी, तेही नोकरी हातात नसताना. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना आणि मास्टर्सवाल्यांना हा व्हिसा अठरा महिन्यांचाच मिळेल, तेव्हा रक्कम थोडी कमी होईल. ती वहीत आजच मांडून ठेवा.

आता जर्मनी. इथे मात्र निवड करावी लागते, आणि तीच चुकते.

जर्मनीत २००९ पासून प्रत्येक रहिवाशाला आरोग्य विमा सक्तीचा आहे. त्याचे दोन प्रकार: आपली मुलं ज्याला ‘पब्लिक’ म्हणतात तो सरकारी चौकटीतला विमा, आणि दुसरा खासगी कंपनीचा ‘प्रायव्हेट’. पब्लिकमध्ये टीके, एओके, बार्मर अशा संस्था आहेत. त्यांच्या मूळ सोयी जवळपास सारख्या असतात, त्यामुळे यातली कोणती घ्यायची यावर डोकं शिणवू नका. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला पब्लिक विमा सवलतीत मिळतो: वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा धरून महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. युरो शंभर रुपयांचा धरला, तर दोन वर्षांचे साडेतीन लाखांच्या आसपास. हा आकडा ऐकला की बापाचा चेहरा उतरतो आणि एजंटाची खुर्ची पुढे सरकते. "काका, प्रायव्हेट घ्या, चाळीस युरोत काम होतं."

माझ्या मित्राच्या धुळ्याच्या भाच्याने असंच केलं. प्रवेशाच्या वेळी प्रायव्हेट पॉलिसी दाखवायची, तर पब्लिकमधून सूट मागणारा अर्ज द्यावा लागतो. विम्याचं बंधन लागू झाल्यापासून तीन महिन्यांत तो द्यायचा असतो, आणि एकदा मंजूर झाला की त्या शिक्षणापुरता मागे घेता येत नाही. पोराने न वाचताच सही ठोकली. दुसऱ्या वर्षी मुतखडा निघाला. कंपनीने जुने कागद मागवले. धुळ्यात बारावीच्या सुट्टीत सोनोग्राफी झालेली होती, म्हणजे आजार जुना, म्हणजे क्लेम नामंजूर. दोन वर्षांत वाचवलेले पैसे एका आठवड्यात गेले.

त्याहून वाईट पुढे झालं. शिक्षण संपलं. नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. आधीपासून पब्लिकमध्ये असलेली मुलं याच काळात ऐच्छिक सभासद म्हणून तिथेच राहतात. महिन्याला अडीचशे युरोंच्या वर जातात, पण संरक्षण तुटत नाही. हा बाहेर पडलेला. आधीपासून पब्लिकचा सभासद असण्याची अट पुरी होत नसल्याने त्याला दार बंद. नोकरी लागल्यावरच तो पब्लिकमध्ये आला, तेही सात महिन्यांनी. तोवर ना तब्येतीची खात्री, ना झोपेची. असल्या स्वस्त पॉलिसी मुळात थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी काढलेल्या असतात. काही ठिकाणी परदेशी नागरिकांचं कार्यालय निवास परवान्यासाठी त्या धरतच नाही.

म्हणून वय तिशीच्या आत असेल, तर माझं उत्तर पब्लिक. तिशी ओलांडून जाणाऱ्याला विद्यार्थी दर मिळत नाही. त्याने चांगली, पूर्ण संरक्षणाची प्रायव्हेट पॉलिसी घ्यावी आणि प्रश्नावलीत जुने आजार खरेखुरे लिहावेत. नुसत्या भाषेच्या कोर्सला किंवा प्रवेशपूर्व वर्गाला जाणाऱ्यांनाही आधी प्रायव्हेटच घ्यावं लागतं, पण मूळ अभ्यासक्रम तिशीच्या आत सुरू झाला तर त्यांना पब्लिकमध्ये येता येतं. आणि व्हिसासाठी भारतातून काढलेला प्रवास विमा हा प्रवेश होईपर्यंतचाच पूल. त्यावर वर्ष काढता येत नाही.

नोकरीवर जाणाऱ्यांचं सोपं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांत नर्सिंगवाले वाढलेत. त्यांचा विमा पगारातूनच कापला जातो: मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, वर संस्थेचा थोडा अधिभार, आणि दोन्हींतलं अर्धं मालकाचं. तीन हजार युरो पगाराला आपल्या वाट्याला आरोग्य विम्यापोटी साधारण २६० युरो येतात. जास्त वाटतात खरे. पण न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात, जादा पैसा न देता येतात. दवाखान्यात भरती झालात तर दिवसाला १० युरो, वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. माझ्या मुलीचा जन्म तिथलाच. बिलाचा कागद मी पाहिलासुद्धा नाही.

दुबईत हिशेब उलटा. २०१३ च्या कायद्याने नोकराचा विमा मालकाने काढायचा, आणि तो पैसा पगारातून कापायचा नाही. मुलगा एकटा असेल तर खिशाला तोशीस नाही. लग्न करून बायकोला नेली, की तिच्या विम्याची जबाबदारी तिला व्हिसा देणाऱ्याची, म्हणजे त्याचीच. अबुधाबीत बायको आणि तीन मुलांपर्यंतचा विमाही मालकाकडे असतो. दोन्ही ठिकाणची ऑफर हातात असेल तर हा फरक पगारात धरून बघा. शारजा, अजमान वगैरे उरलेल्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून सक्ती आली. तिथला मूळ विमा वर्षाला ३२० दिरहमचा आहे, आणि भरती झाल्यावर बिलाच्या २० टक्के आपण द्यायचे, अर्थात मर्यादेपर्यंत.

नोकरी गेली की विमाही गेला, ही दुबईची खरी खोट. त्यामुळे दुबईला जाणाऱ्याने इथला मेडिक्लेम अजिबात बंद करू नये. आजारी पडून परतायची वेळ आली, तर नवी पॉलिसी जुन्या आजाराला वर्षानुवर्षं हात लावत नाही. ऑफर लेटरवर ‘मेडिकल दिलं जाईल’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणती योजना आणि कोणते दवाखाने, हे लेखी मागा. मूळ योजनेतली दवाखान्यांची यादी छोटी असते.

आई-वडिलांचं तिन्हीकडे सारखंच दुखणं. जर्मनीच्या फुकट कुटुंब विम्यात ते बसत नाहीत. सुनेच्या बाळंतपणाला आई गेली, तर शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. ब्रिटनला सहा महिन्यांच्या भेटीवर अधिभार नाही, पण तिथे भरती व्हावं लागलं तर पाहुण्याकडून मूळ दराच्या दीडपट वसूल होतं. साठीपुढच्यांच्या प्रवास विम्यात साखर आणि बीपी बहुधा वगळलेलं असतं. ती ओळ शोधून, बोट ठेवून वाचा.

रावेरच्या पोराला मी काय सांगितलं? वय चोवीस, लहानपणापासून दमा. एकच वर्ष शिकून परत यायचं असेल तर ब्रिटन, कारण दम्याची चौकशी होत नाही आणि खर्च आधीच कळतो. तिकडे संसार थाटायचा असेल तर जर्मनी, आणि फक्त पब्लिक. तिथेही जुना आजार आडवा येत नाही. दुबईची ऑफर मी बाजूला ठेवायला लावली. दमेकऱ्याचा विमा मालकाच्या मर्जीवर टांगलेला असावा, हे मला पटलं नाही. बापाला ते फारसं रुचलं नाही, मामा रागावलाच आहे.

मुलाने जर्मनी धरली. जाण्याआधी त्याला तीन कामं दिलीत: दाढा जळगावातच भरून घ्यायच्या, चष्मे दोन करून न्यायचे, कारण प्रौढांच्या चष्म्याला पब्लिक विमा सहसा पैसे देत नाही, आणि डॉक्टरांकडून पंपातल्या औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यायचं.