पॅरिस की लंडन: शहरही बघायचंय आणि टेनिसही

सर्वांत आधी तारखा. रोलाँ गॅरोस, म्हणजे पॅरिसची फ्रेंच ओपन, मे महिन्याच्या शेवटी सुरू होतं आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतं. लंडनचं विम्बल्डन सुरू व्हायला जूनअखेर उजाडते. मधे तीन आठवड्यांचं अंतर आहे, शिवाय एकाला शेंगेन व्हिसा लागतो आणि दुसऱ्याला ब्रिटनचा. एकाच सहलीत दोन्ही बसवायचा मोह सोडलेला बरा.

तिकिटापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची निवड तिथेच ठरते. पॅरिसची तिकिटं साधारण मार्चमध्ये ऑनलाइन विक्रीला येतात. तारीख आणि कोर्ट आपणच निवडायचं. तिकीट नावावर असतं आणि दारात ओळखपत्र तपासतात, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा. मोठ्या कोर्टांची तिकिटं भराभर संपतात, पण बाहेरच्या कोर्टांचं तिकीट मिळालं तर हिरमुसू नका. पहिल्या आठवड्यात तिथे सकाळपासून सामने चालतात आणि खेळाडू हाकेच्या अंतरावर असतात. बालेवाडीला एटीपी स्पर्धा पाहिलेल्यांना ही जवळीक ओळखीची वाटेल. मुख्य स्पर्धेआधीच्या आठवड्यातल्या पात्रता फेऱ्या आणखी स्वस्तात बघता येतात.

लंडनची रीत वेगळी. तिथल्या सोडतीत नाव नोंदवायचं ते आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, आणि नंबर लागला तरी दिवस आणि कोर्ट ते सांगतील तेच. सोडत हुकली तर रांग. ही रांग विम्बल्डन पार्कमध्ये लागते. प्रत्येकाला नंबराचं कार्ड मिळतं आणि दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवता येत नाही. सेंटर कोर्टची, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टची, शेवटचे चार दिवस सोडून रोज सुमारे 500 तिकिटं रांगेतल्यांसाठी राखलेली असतात. ती हवी असतील तर आदल्या दिवशीच तंबू ठोकावा लागतो. नुसता ग्राउंड पास, म्हणजे बाहेरच्या कोर्टांचं तिकीट, हवा असेल तर पहाटे पोचलं तरी बहुधा चालतं. एवढ्या मोठ्या स्पर्धेत ओळख-वशिला नसलेल्या माणसाला त्याच दिवशी तिकीट मिळू शकतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पण रांगेची किंमत वेळेत मोजावी लागते. पहाटे पाचला निघालेला माणूस रात्री परतेपर्यंत लंडनचा तो दिवस संपलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ झोपेत जाते. पाच दिवसांच्या मुक्कामात हे जड पडतं. पॅरिसमध्ये 2021 पासून रात्रीचं सत्र असतं: दिवसभर शहर फिरा आणि संध्याकाळी फिलिप शात्रिए या मुख्य कोर्टवर बसा. त्या तिकिटात बहुधा एकच सामना मिळतो, आणि तो लांबला तर शेवटची मेट्रो चुकू शकते. शात्रिएवर 2020 पासून छत आहे, त्यामुळे पावसाची काळजी नाही. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टला ते 2009 मध्येच आलं. बाहेरच्या कोर्टांवर मात्र दोन्हीकडे आभाळाकडे बघत बसावं लागतं.

फिरण्याच्या सोयीत पॅरिस मला पुढे वाटतं. स्टेडियमजवळून मेट्रोची दहा नंबरची लाइन सरळ सॉरबॉन विद्यापीठापर्यंत जाते. तिथून डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलेलं नोत्र दाम कॅथेड्रल चालत गाठता येतं. स्टेडियमही बघण्यासारखं आहे. त्यातलं सिमोन मातिओ कोर्ट वनस्पती उद्यानात आहे, चारही बाजूंना काचेच्या हरितगृहांचा वेढा आणि आत चार खंडांतली झाडं. सोबत टेनिसचा गंध नसलेलं कुणी असेल तर त्यांनाही इथे आणा.

खर्चात लंडन परतफेड करतं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट सगळीकडे प्रवेश मोफत. पॅरिसच्या लुव्ह्र संग्रहालयात 2026 च्या जानेवारीपासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांना 32 युरो मोजावे लागतात. मंगळवारी ते बंद असतं, आणि तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी. शिवाय लंडनला किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. या घरासाठी अर्धा दिवस राखून ठेवाच. विम्बल्डनमध्ये घरचं खाणं आत नेता येतं, त्यामुळे दशम्या आणि चटणी बरोबर घ्या. स्ट्रॉबेरी आणि क्रीम तिथेच खा, 2025 मध्ये त्याचे 2.70 पौंड होते.

आणि खेळ? गवतावर चेंडू खाली राहून सरकतो, सर्व्हिसला धार येते, पॉइंट झटपट संपतात. लाल मातीवर तो उंच उसळतो, वेग मंदावतो आणि रॅली लांबतात. प्रत्यक्ष बघताना मला माती जास्त आवडते, कारण घसरत चेंडूपर्यंत पोचणारा खेळाडू टीव्हीवर दिसतो त्याहून किती लांबून येतो हे तिथेच कळतं. विम्बल्डनने 2025 मध्ये लाइनवरचे पंच काढून यंत्र आणलं. त्याच वर्षी पॅरिसला मात्र पंच खुर्चीवरून उतरून मातीतला ठसा तपासत होते, आणि त्या वेळी सगळं स्टेडियम श्वास रोखून बघतं. 1999 मध्ये पेस आणि भूपती यांनी पुरुष दुहेरी जिंकली ती दोन्ही ठिकाणी, त्यामुळे आपल्या माणसाला अभिमानाने उभं राहायला दोन्हीकडे जागा आहे.

एकटे किंवा टेनिसवेड्या मित्राबरोबर जात असाल तर लंडन, तंबूसकट. आई-वडील बरोबर असतील तर पॅरिस. मुलं शाळेत असतील तर प्रश्नच मिटतो: विम्बल्डन सुरू होईपर्यंत आपल्याकडे शाळा भरलेल्या असतात आणि रोलाँ गॅरोस उन्हाळी सुट्टीत येतं. सुट्टी मेच्या पूर्वार्धातच मिळत असेल तर रोमची स्पर्धा बघा. तिथेही लाल मातीच, आणि पिएत्रांजेली कोर्टच्या भोवतीने संगमरवरी पुतळे उभे असतात.