पोरांच्या बाहेरच्या पार्टीसाठी पॉपअप तंबू: ऊन आणि रिमझिमीला मस्त, वाऱ्यापुढे नाही

मुलांची पार्टी बाहेर ठेवायची म्हटलं की आठवडाभर आधीपासून मोबाईलवर हवामान बघणं सुरू होतं, आणि तिथे ३० टक्के पाऊस दिसला तर त्यातून पाऊस किती वेळ पडेल, किती जोरात पडेल हे काहीच कळत नाही, फक्त पडण्याची शक्यता कळते. म्हणून आम्ही ३ बाय ३ मीटरचा पॉपअप तंबू घेतला, लोखंडी सांगाडा, वर पॉलिएस्टरचं कापड, चार पाय. वापरून झालाय, त्यामुळे नीट सांगते.

उभा करायला खरंच सोपा आहे. दोघं मोठी माणसं हवीत, समोरासमोरचे पाय धरून मागे सरकत जायचं, मग कोपरे वर ढकलायचे, खट् आवाज आला की बसलं. पण उघडताना त्या कैचीसारख्या दांड्यांमध्ये बोट सापडू शकतं आणि पोरांना नेमकं तिथेच हात घालायचा असतो, तेव्हा तंबू पूर्ण उभा राहीपर्यंत त्यांना लांबच ठेवा.

उन्हासाठी पैकीच्या पैकी मार्क. फक्त सावली सरकते हे लक्षात ठेवा, दुपार कलली की ती तंबूच्या खाली नसतेच, बाजूला पडते, त्यामुळे खाण्याचं टेबल मधोमध न ठेवता पार्टीच्या वेळेला सावली जिकडे येणार तिकडे सरकवून ठेवा.

आता पाऊस. रिमझिम असेल तर कापडातून थेंबही येत नाही, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ती बघूनच घ्या, कारण गळती बहुतेक शिवणीतूनच सुरू होते. खरा प्रॉब्लेम पाणी साचण्याचा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे छत ९ चौरस मीटर झाकतं, म्हणजे १० मिलिमीटरची एक सर आली तर ९० लिटर, म्हणजेच ९० किलो पाणी त्या कापडावर पडून जातं. वाहून गेलं तर काहीच नाही, पण कापड जरा सैल असलं की दांडीजवळ खळगा होतो, त्यात पाणी थांबतं, वजनाने कापड आणखी खाली येतं, मग आणखी पाणी, आणि शेवटी दांडी वाकते. आमच्याकडे एका कोपऱ्यात असं फुगीर पोट लोंबायला लागलं होतं, आतून झाडूच्या मऊ बाजूने वर ढकललं की कडेवरून धो धो पाणी खाली, आणि पोरं त्याच्याखाली भिजायला रांग लावून उभी! त्यांना तोच खेळ सगळ्यात जास्त आवडला. नंतर एका बाजूचे दोन पाय एक भोक खाली केले, छताला उतार मिळाला आणि साचणं बंद झालं. हे पाऊस यायच्या आधीच करून ठेवा.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. सोबत येणाऱ्या खुंट्या बारीक आहेत, ओल्या मातीतून हाताने उपसून निघतात, आणि फरशीवर तर त्यांचा काही उपयोगच नाही. प्रत्येक पायाला वजन लागतं, २० लिटरचा भरलेला कॅन म्हणजे २० किलो, तसे चार कॅन पट्ट्याने घट्ट बांधले तर बऱ्यापैकी धीर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे मघाशी तर ठीक होतं या भरवशावर राहू नका, लहान झाडं डोलायला लागली की तंबू उतरवायचा. बाजूचे पडदे वेगळे मिळतात, तिरक्या पावसाला कामाचे आहेत पण चारही लावले तर वाऱ्याला आरपार जायला वाट राहत नाही आणि अख्खा तंबू शिडासारखा ओढ घेतो, म्हणून वारा येतोय त्या बाजूला एकच लावा, तोही वारा हलका असेल तरच. ताणाच्या दोऱ्यांना रंगीत रिबिनी बांधा, पळणाऱ्या मुलांना ती पातळ दोरी दिसत नाही.

आणि ढग गडगडले तर तंबूत थांबायचं नाही, लांबून आवाज आला तरी नाही. विजेपासून हा तंबू काहीही वाचवत नाही. सगळ्यांना पक्क्या घरात न्यायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं झाल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, काकू आत्ताच माझा डाव आला होता असं कोणी कितीही रडवेलं होऊन म्हणालं तरी. त्यामुळे आत जायची जागा आधीच रिकामी करून ठेवा, आणि बसून खेळायचे दोन खेळ बाजूला काढून ठेवा, तंबू घेतला म्हणजे त्याची गरज संपली असं होत नाही.

ज्यांच्याकडे घराला लागूनच अंगण किंवा मोकळी जागा आहे त्यांनी बिनधास्त घ्या. घरापासून लांब उघड्या मैदानावर पार्टी असेल आणि जवळ आसरा नसेल तर मी याच्या जिवावर मुलं बोलावणार नाही. घडी घालताना कापड ओलं असेल तर घरी आल्यावर परत उघडून पूर्ण वाळवा, तसंच बॅगेत राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.