वर्गणीतून आरोग्य: एक दिवसाचं शिबिर की वर्षभर घरभेटी?

गणपतीतून उरलेली वर्गणी आरोग्यावर खर्चायची, इथपर्यंत कोल्हापुरातल्या तालमीत, म्हणजे पेठेच्या मंडळात, एकमत होतं. शिबिर घ्यायचं की वर्षभर गल्लीत फिरायचं, यावर बैठक अडते. आमच्या मंडळानं दोन्ही केलंय, म्हणून लिहितो.

शिबिराला माणूस येतो, हे मान्यच. एरवी दवाखान्याची पायरी न चढणारे गडीही मांडवात दंड पुढं करतात. ज्या गल्लीत कधीच तपासणी झालेली नाही, तिथं सुरुवात म्हणून ते वाईट नाही.

मला खटकली ती चिठ्ठी. एका शिबिरात शेजारच्या मावशींचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. आकडा लिहून कागद हातात दिला, "डॉक्टरांना दाखवा" म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. कुठल्या डॉक्टरांना, गोळ्या कुठं मिळतील, महिन्यानं परत कोण बघणार, काहीच नाही. मावशींनी चिठ्ठी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. उपचार सुरू झाले नाहीत, झोप मात्र उडाली. पुढची वाट न दाखवता माणसाला आजार सांगून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली तपासणीचे निकष लिहिले. निदान-उपचाराची सोय हवी आणि रुग्णशोध सतत चालू राहावा, एकदाच करून थांबू नये, हे त्यात आहेच.

घरभेटीचं काम संथ. कार्यकर्ते कंटाळतात, पेपरात फोटो येत नाही, आणि नुसती पोरं गेली तर बायका मोकळं बोलत नाहीत. आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविका, सोबत हव्यातच. पण घरात गेलं की आजाराच्या आजूबाजूचंही दिसतं. मीठ कमी करा हे ज्याला सांगायचं तो एक, स्वयंपाक करणारी दुसरीच. पाण्याचं पिंप उघडं, मागं म्हशीचा गोठा. महापुरानंतर लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून कावीळ पसरली, तीही रक्तदाबाच्या टेबलावर कळली नसती.

प्रत्येक पेठेची गोष्ट वेगळी असेल. पण पैसे एकाच कामाला पुरणार असतील, तर मी घरभेटींना देईन. शिबिर घ्यायचंच झालं तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात पुढं कोण नेणार, त्याचं नाव आधी ठरवा. आणि वहीत लिहिलेला कुणाचा आजार चौकात बोलायचा नाही, हे पोरांकडून पहिल्याच दिवशी कबूल करून घ्या.