वाकड्या नाकाची शस्त्रक्रिया: यश फोटोत पाहावे, यंत्रावर की रुग्णाच्या गुणांत?

वाकडे नाक सरळ करून घ्यावे की नाही हे ठरवताना ‘यश किती येते?’ हे प्रत्येक जण विचारतो. ते यश कशाने मोजले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. नाक सरळ दिसणे आणि नाकाने मोकळा श्वास घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून सरळ झालेल्या नाकातला मधला पडदा एका बाजूला झुकलेलाच राहिला, तर एका मापाने यशस्वी ठरलेली शस्त्रक्रिया दुसऱ्या मापाने अपुरी ठरते.

सर्वांत जुना पुरावा चित्राचा आहे. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजी या गाडीवानाचे चित्र छापले गेले, ते पुण्यात कपाळाच्या कातडीपासून घडवलेले त्याचे नवे नाक दाखवण्यासाठीच. आज फोटोवर कोन मोजतात, म्हणजे भुवयांच्या मधोमध आणि वरच्या ओठाच्या मध्यबिंदूवर टेकणारी रेषा आखून नाकाचा कणा तिच्यापासून किती अंश ढळला आहे ते पाहतात. हा आकडा नेमका वाटतो खरा, पण मान किंचित वळली किंवा प्रकाश एका बाजूने आला, तरी नाकाचे दिसणे बदलते. शिवाय वाकडे नाक असलेल्या अनेकांच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूच सारख्या नसतात. तिथे मुळात मध्यरेषा कोणती मानायची, इथूनच मतभेद सुरू होतात.

श्वासासाठी ऱ्हायनोमॅनोमेट्री ही यंत्रावर केली जाणारी चाचणी आहे. ठरावीक दाबाला, बहुधा १५० पास्कलला, प्रत्येक नाकपुडीतून किती हवा वाहते ते यंत्र सांगते. मात्र निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने चोंदतात, म्हणून एकाच नाकपुडीच्या आकड्यावर विसंबता येत नाही. मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण यंत्रावर अडथळा तेवढाच राहतो. यावरून जाणवणारा श्वास आणि मोजलेला श्वास यांतली तफावत ध्यानात यावी.

म्हणूनच माझ्या मते मुख्य माप रुग्णाने भरलेल्या प्रश्नावलीचे असावे, आणि प्रश्नावल्यांतही भेद करावा. २००४ साली आलेली ‘नोज’ ही प्रश्नावली मागच्या महिन्याभरातल्या चोंदण्याविषयी, झोपेविषयी, श्रम करताना हवा पुरते की नाही याविषयी पाच प्रश्न विचारते. दिसण्याविषयी ती काहीही विचारत नाही. त्याउलट ‘आर.ओ.ई.’ या प्रश्नावलीच्या सहा प्रश्नांपैकी श्वासाविषयी एकच असल्याने, श्वास जराही न सुधारता तिचे गुण चांगले वाढू शकतात. २०१८ सालच्या ‘श्नॉस’मध्ये दहापैकी चार प्रश्न अडथळ्याचे आणि सहा रूपाचे असून दोन्हींचे गुण वेगवेगळे काढले जातात; ज्याला दोन्ही तक्रारी आहेत, त्याने हीच निवडावी. तिन्हींचे गुण ० ते १०० असले, तरी ‘नोज’ आणि ‘श्नॉस’मध्ये जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, तर ‘आर.ओ.ई.’मध्ये जास्त गुण म्हणजे जास्त समाधान. दिशा न पाहता गुणांची तुलना केली, तर अर्थ नेमका उलटा निघतो.

ज्याला केवळ रूप खटकते, त्याने फोटोतल्या कोनाला अधिक वजन द्यावे. फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो सारख्याच अंतरावरून आणि सारख्याच प्रकाशात काढलेला आहे ना, एवढे पाहावे. कोणतेही माप असो, ते कधी घेतले हे विचारणे आवश्यक आहे. नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागू शकते, आणि कूर्चा हळूहळू जुन्या वळणाकडे ओढली जाण्याची शक्यताही असते. त्यामुळे तीन महिन्यांचा निकाल हा अंतिम निकाल नव्हे. आपली प्रश्नावली शस्त्रक्रियेपूर्वीच भरून तिची प्रत जवळ ठेवावी, कारण आधी किती त्रास होता हे नंतर आठवून लिहिलेले गुण भरवशाचे नसतात.