ब्रेकवाला ग्राइंडर, आठ महिन्यांनंतर

साइटवर १२५ मिमी चकतीचा, पॅडल स्विच (दाबून धरलं तरच मशीन चालू ठेवणारं बटण) आणि ब्रेक असलेला हातातला ग्राइंडर येऊन आठ महिने झाले. सळया कापणं, वेल्ड घासणं, अधूनमधून भिंतीत चर मारणं, असं रोजचं काम. आधीचा सरकत्या बटणाचा होता. एकदा पुढे सारला की चालूच.

पहिला फरक ब्रेकचा. जुना बंद केला तरी चकती बराच वेळ फिरत राहायची. घाईत तसाच खाली ठेवला की फरशीवर उड्या मारायचा. एकदा तर त्याने स्वतःचीच वायर कापली. हा दोनेक सेकंदांत थांबतो. मिनिटाला ११,००० फेऱ्या, म्हणजे चकतीची कड ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळते, हे लक्षात घेतलं की ते दोन सेकंद किती मोलाचे ते कळतं. वीज जाऊन आली तरी पॅडल सोडून पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही.

आता तक्रार. पॅडल सतत दाबून धरावं लागतं, आणि मूठ जाड आहे. दुसऱ्याच आठवड्यात पाहिलं तर पॅडलवर बाइंडिंग वायरचे तीन वेढे, पकडीने नीट पीळ मारून! मी चिडलोच. मिस्त्री म्हणाला, "साहेब, डोक्यावरच्या दहा सळया कापून बघा, मग बोला." कापल्या. सातव्या सळईला बोटं भरून आली. तार सोडवली, पण परांची वर घेतली. आता ते काम छातीच्या पातळीवर होतं आणि दोघं आलटूनपालटून करतात.

चकती अडकली की मोटर आपोआप बंद पडते, असं सांगतात. दोनदा पडलीही. पण मनगटाला हिसका बसलाच, त्यामुळे बाजूची मूठ काढून चालत नाही. दोन्ही वेळा चूक आमचीच होती: सळईला कापाच्या दोन्ही बाजूंना टेकू दिला होता. मधला भाग खचला, चीर मिटली आणि चकती चिमटली. कापून पडणारं टोक मोकळं हवं.

मला सगळ्यात आवडलं ते गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण. पाना न लावता फिरतं. पूर्वी पाना सापडला नाही की गार्ड काढलेलं ते काढलेलंच, आणि मग मोठ्या मशीनची झिजलेली १८० मिमीची चकती यात बसवायचा मोह. भोक जुळतं, म्हणून बसतेही. पण तिच्यावर मिनिटाला ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, आणि हा फिरतो ११,००० ने. ती फुटली तर तुकडे अडवायला गार्डही नाही.

धुळीचं मात्र काही नाही. काँक्रीट कापताना मास्क आपलाच, कानाचे प्लगही आपलेच.

सातव्या महिन्यात मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश बदलले, बाकी खर्च नाही. दुसरा घ्यायचाय. पॅडलचाच, फक्त मूठ बारीक बघून. आणि या वेळी हातात धरून मिस्त्रीच निवडेल.