जुना लॅपटॉप, एकच जॅक आणि लिनक्स मिंट : पाचपैकी साडेतीन तारे

मी दहावीच्या गणिताचे ऑनलाइन क्लास घेतो. त्यासाठी नूतनीकरण केलेला, ऑफिसातून निघालेला चौदा इंची लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स मिंट 22 या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. कीबोर्ड झकास, स्क्रीन ठीक, बॅटरी जेमतेम. वायफाय, टचपॅड, झूम सगळं पहिल्या दिवसापासून सुरळीत. राहिला तो हेडफोनचा जॅक.

माइक आणि हेडफोन दोन्हींना मिळून एकच जॅक आहे. इअरफोनमध्ये मला मुलांचं स्पष्ट ऐकू येई, पण मुलं म्हणायची, "सर, तुमचा आवाज लांबून येतोय, कुकरची शिट्टी मात्र जवळून." म्हणजे आवाज लॅपटॉपच्या आतल्या माइकवरून जात होता आणि इअरफोनचा माइक नुसता लटकत होता. जिथून घेतला तो दुकानदार म्हणाला, "जॅक गेलाय, बोर्ड बदलावा लागेल."

जॅकला काहीही झालेलं नव्हतं. इअरफोनची पिन नीट बघा. तीन काळ्या रेघा असतील तर ती माइकवाली, दोन असतील तर नुसत्या हेडफोनची. माइकवाल्या पिनच्या टोकाला डावा आवाज, मग उजवा, मग ग्राउंड आणि शेवटी माइक. काही लॅपटॉपची साउंड चिप आत आलेली पिन कुठली ते स्वतः ओळखते. काहींना "काहीतरी घुसलंय" एवढंच कळतं. पुढचं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगावं लागतं. बायॉसने (मशिन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमने) माइकची जोडणी नोंदवलेली नसेल आणि कर्नलच्या अपवादांच्या यादीतही तुमचं मॉडेल नसेल, तर बाहेरचा माइक सेटिंगमध्ये दिसतच नाही. माझं नेमकं हेच झालं होतं.

इलाज एका ओळीचा निघाला. मोडप्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या सेटिंगच्या, फोल्डरमध्ये एक फाइल करून इंटेल एचडीए ऑडिओच्या ड्रायव्हरला "डेल-हेडसेट-मल्टी" हे मॉडेल दिलं आणि मशिन रीस्टार्ट केलं. लॅपटॉप डेलचा नाही, तरी चाललं, कारण हे मॉडेल रिअलटेक कंपनीच्या साउंड चिपसाठी आहे आणि आतली चिप तिचीच. मग पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या प्रोग्रॅमच्या इनपुटमध्ये "हेडसेट मायक्रोफोन" उगवला. तो हाताने निवडावा लागतो, हे मला पटत नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या जीनोम डेस्कटॉपवर अशा मशिनला पिन लावली की "हेडफोन, हेडसेट की माइक?" अशी खिडकी येते, एक्सएफसीईवर तशी सोय नाही. अर्धा तारा तिथेच गेला.

अल्सामिक्सर या टर्मिनलमधल्या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये माइक बूस्ट तीस डेसिबलवर नेला की पाऊस पडल्यासारखी खरखर येते. दहावर ठेवा, इअरफोनचा माइक हनुवटीजवळ आणा, बास.

टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, धास्ती असेल तर दोन-चारशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. एका जॅकचं घ्या, नाहीतर माइक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर वर लागेल. बहुतेक कार्डं ड्रायव्हरशिवाय चालतात, पण एक पोर्ट अडतो, आणि माझ्याकडे दोनच आहेत. त्यातला एक लिहायच्या टॅबलेटला.

असा लॅपटॉप दुकानातून घेणार असाल तर मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता ज्यावरून मिंट चालतं तो) आणि स्वतःचा माइकवाला इअरफोन सोबत न्या. पिन लावून दोन वाक्यं रेकॉर्ड करा आणि तिथेच ऐका. माइक दिसला नाही तर बोर्डाची चर्चा करू नका, पाच-सहाशे कमी करून मागा.