रामटेक की नवेगावबांध : तलावाकाठी घर घेण्यापूर्वी

निवृत्तीनंतर नागपूर, अमरावती किंवा पुण्याची धावपळ सोडून विदर्भातल्या एखाद्या तलावाकाठच्या गावी राहायला जावे, असा विचार करणाऱ्यांच्या बोलण्यात दोन नावे हमखास येतात. एक, नागपूर जिल्ह्यातील खिंडसी तलावाजवळचे रामटेक. दुसरे, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. ही गावे पाहायला लोक बहुधा डिसेंबर-जानेवारीत जातात आणि निर्णय तिथेच फसतो. त्या दिवसांत दोन्ही तलाव भरलेले असतात, सकाळी पाण्यावर धुके असते आणि शेकोटीजवळ बसून कोणतेही गाव राहण्याजोगे वाटते. तिथे वर्षभर निभाव लागेल की नाही हे मे आणि ऑगस्ट हे दोन महिने ठरवतात, म्हणून तुलनाही त्यांच्यापासूनच करावी.

मेच्या अखेरीस नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दोन्हीकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तलावामुळे गाव थंड राहते, ही समजूत सोडून द्यावी. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा गारवा काठापासून थोड्या अंतरापर्यंतच जाणवतो, आणि दोन्ही तलाव सिंचनाचे असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात पाणी मागे सरून काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. संध्याकाळी साडेसहाला नवेगाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले तरी दगडाची धग चपलेच्या तळव्यातून लागते. फरक पडतो तो रात्री. नवेगावला चहूबाजूंनी जंगल असल्याने दहाच्या पुढे अंगणात खाट टाकता येते, तर रामटेकच्या दाट वस्तीत भिंती उशिरापर्यंत तापलेल्या राहतात. हवा कोरडी असल्यामुळे या दिवसांत वाळ्याच्या ताट्या लावलेला साधा कूलर उत्तम काम देतो. मात्र वळवाच्या पावसात झाड तारांवर पडून वीज गेली, तर जंगलातून आलेली लाइन दुरुस्त व्हायला नवेगावला अधिक वेळ लागतो, हे ध्यानात घ्यावे.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत धानाची रोवणी सुरू झाली की नवेगावभोवतीची प्रत्येक बांधी, म्हणजे धानाचे खाचर, पाण्याने भरलेली असते. हवेत एवढा दमटपणा असताना कूलर लावला तर अंग फक्त चिकट होते. पंख्यावर भागवावे लागते. डासांमुळे हिवतापाची धास्ती असते, घराच्या आसपास मण्यार निघते, त्यामुळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपणे टाळावे लागते. रामटेकलाही पाऊस भरपूर आहे आणि आसपास धानही आहे, परंतु गाव टेकडीच्या पायथ्याशी असून नगर परिषदेचे आहे, पक्के रस्ते आणि दिवे आहेत, त्यामुळे ऑगस्टमध्ये घरात अडकून पडल्याची भावना तिथे कमी येते. दम्याचा किंवा सांधेदुखीचा त्रास असलेल्यांनी हा एकच मुद्दा पुरेसा मानावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यात मात्र नवेगावची बाजू भक्कम आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते, तो हा तलाव डोंगरांच्या कुशीत आहे. 1975 साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 पासून हे जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पक्षितज्ज्ञ मारुती चितमपल्ली वन खात्याच्या नोकरीत इथे अनेक वर्षे राहिले, ते का रमले असतील हे हिवाळ्यात पाण्यावर उतरलेली बदके पाहताना कळते. दुर्बीण आणि धीर असलेल्या माणसाला आयुष्यभर पुरेल एवढे इथे आहे. पण रोजचे पहाटेचे फिरणे इथे विचारपूर्वक करावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की त्याच वासावर अस्वल येते, आणि मोहफुले वेचायला जाणारी माणसेही अंधारात एकटी जात नाहीत. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील सफारीही बंद असते.

रामटेकचे पाणी गावाला लागून नाही. खिंडसी काही किलोमीटरवर आहे आणि तिथे जायला वाहन लागते. नौकाविहार आहे, सुटीच्या दिवशी नागपूरकरांची गर्दीही आहे. पायी फिरणाऱ्याला खरा आधार रामगिरीचा, म्हणजे राममंदिराच्या टेकडीचा. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी मंदिरापर्यंत चढणे हा रोजचा चांगला व्यायाम आहे, फक्त वानरांच्या देखत हातात खाऊची पिशवी नसावी. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेला मात्र शांततेची अपेक्षा ठेवू नये.

दवाखान्याच्या बाबतीत तुलना करण्यासारखे फारसे काही नाही. रामटेकला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि नागपूर सुमारे 50 किलोमीटरवर आहे. नवेगावहून मोठ्या तपासणीसाठी 60 किलोमीटरच्या पुढे गोंदियाला किंवा त्याच्या दुपटीहून दूर नागपूरला जावे लागते. छातीत कळ आली तर हे अंतर फार मोठे असते.

लोणारचे नावही काही जण घेतात. हवा तुलनेने कोरडी आहे, पाऊस कमी आहे आणि उल्काघाताने बनलेले ते विवर, 2020 साली रामसर यादीत गेलेले, जगात वेगळे आहे. पण पाणी खारट आणि क्षारयुक्त, त्यात पोहणे नाही, होडी नाही, गावाला रेल्वे नाही. तलावाकाठचे रोजचे जगणे ज्यांना हवे आहे, त्यांच्यासाठी ते नाही.

माझे मत विचाराल, तर पासष्टीच्या पुढच्या जोडप्याने रामटेक घ्यावे आणि हिवाळ्याचे दोन महिने नवेगावला भाड्याने राहावे. पन्नाशीतल्या, धडधाकट आणि पक्ष्यांचा नाद असलेल्या माणसाने नवेगावचा विचार अवश्य करावा. व्यवहाराआधी सातबारा नीट पाहावा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर हस्तांतरणाचे कडक निर्बंध आहेत, आणि नवेगावच्या परिसरात अशी जमीन बरीच आहे. त्याहून आधी मेच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत तिथेच एखादी खोली भाड्याने घ्यावी, आणि इसार त्यानंतरच द्यावा.